पाहण्याजोगे काही नसलेल्या जागी

बंगळूरला जाणाऱ्या प्रवाशास लालबाग, विधानसौध आणि टिपूचा राजवाडा पाहण्याची शिफारस सर्वच मार्गदर्शिका करतात. परंतु शहराच्या आग्नेयेस, इब्बलूरच्या चौकातून दोड्डकन्नेल्ली, कार्मेलाराम, दोम्मसंद्र ही गावे मागे टाकीत आनेकल तालुक्यातील सर्जापुरास जाणाऱ्या रस्त्याचा त्यांत नामनिर्देशही नसतो, आणि तो नसण्यात त्या रस्त्यावर काही अन्याय झाला आहे, असेही म्हणवत नाही. संगणक-कंपन्यांची कार्यालये, उंच गृहसंकुले, त्यांच्या मधूनच तगून राहिलेली एखादी नारळीची बाग आणि सकाळ-संध्याकाळ मुंगीच्या पावलाने सरकणारी वाहने, एवढाच त्याचा संसार. तरीही पुण्याहून कन्याकुमारीकडे चाललेल्या आमच्या प्रदीर्घ प्रवासात, गाडीमागे ओढीत आणलेले चाकांवरचे घर आम्ही मुद्दाम याच रस्त्यालगत, भाच्याच्या संकुलाशेजारच्या मोकळ्या भूखंडावर, मालकाची रीतसर परवानगी घेऊन उभे केले. कारण त्या दिवशी आम्हांला काहीही पाहावयाचे नव्हते, तुंबलेली कामे तेवढी हातावेगळी करावयाची होती.

ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्यांच्या कामांचा तपशील, लोक कल्पितात त्या मानाने, फारच अरसिक असतो. पिण्याच्या पाण्याची टाकी धुऊन भरणे, मोरीचे सांडपाणी साठविणारी दुसरी टाकी रिती करणे, लहान सिलिंडर बदलून आणणे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे, बेअरिंगांना ग्रीस भरणे, मागच्या दिव्यांच्या तारा तपासणे, आणि चाकांचे नट, चाक एका अंगाने कलंडू नये म्हणून, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळणे, ही माझ्याकडची खाती. मी पाना हाती घेऊन मोठ्या गांभीर्याने खाली बसतो न बसतो तोच आतून आवाज आला, “अहो, आधी दोरी बांधून द्या. ऊन गेल्यावर तुमचे नट पळून जाणार नाहीत, माझे धुणे मात्र ओले राहील.” या युक्तिवादास उत्तर नव्हते. दोरी बांधली गेली, आणि थोड्याच वेळात त्या ओसाड भूखंडास वस्तीची कळा आली.

चालणाऱ्यास थांबण्याची ही गरज आपल्या मुलखाला काही नवी नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली की पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळी दोन रात्री राहते आणि दिवेघाट चढून गेल्यावर सासवडासही दोन रात्री विसावते. त्या मधल्या दिवशी वारकरी धोतरे-लुगडी धुऊन वाळत घालतात, दाढी-डोई करून घेतात, तुटलेल्या वहाणा सांधून घेतात. वारीचे वर्णन करणारे घाटातील पताकांवर थबकतात, हे स्वाभाविकच आहे; पण पुढची मजल त्या पताकांइतकीच या सांधलेल्या वहाणांच्या आधारे मारली जाते.

परंतु कामाच्या दिवसाचा खरा लाभ मला याहून निराळा वाटतो. प्रेक्षणीय स्थळी आपण गावाकडून काही मागत नाही, तिकिटाचे पैसे दिले की उभयपक्षी व्यवहार संपतो. काम करू लागल्यावर मात्र पाणी कोठून घ्यावे आणि सांडपाणी कोठे टाकावे, हे चारचौघांस विचारावे लागते, आणि त्या विचारण्यातून गावाची अंतर्व्यवस्था उलगडत जाते. आमच्या टाकीसाठी नळ मागितला, तेव्हा संकुलाच्या रखवालदाराने प्रथम टँकरची वेळ सांगितली. २००७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या ११० खेड्यांचा जो पट्टा शहराभोवती आहे, त्यात या रस्त्याचा बराच भाग मोडतो, आणि तेथील वस्तीने वर्षानुवर्षे कूपनलिकांवर व टँकरांवर दिवस काढले. २०२४ च्या उन्हाळ्यात तर कूपनलिकाही कोरड्या पडल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. या खेड्यांसाठी दररोज साडेसत्त्याहत्तर कोटी लिटर पाणी आणण्याचा त्याचा संकल्प असून, ते पाणी तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी येथे टप्प्याटप्प्याने उपसून, शंभरएक किलोमीटरांवरून पठारावर चढवावे लागते. हे कळल्यानंतर भांडी विसळताना सोडलेली धार आपोआप बारीक झाली.

सांडपाण्याची कथा याहूनही रंजक निघाली. संकुलात स्वतःचे शुद्धीकरण यंत्र असून तेथील पाणी बागेस आणि संडासांस पुरविले जाते. तेथील कर्मचाऱ्याने आमच्याही टाकीस उदारपणे थारा दिला. या भागातील ओहोळ मात्र बेळंदूरच्या तलावाकडे, तेथून वर्तूरच्या तलावाकडे आणि पुढे दक्षिण पिनाकिनीकडे वाहतात. हाच तो बेळंदूरचा तलाव, जो मलमिश्रित पाण्याच्या फेसाने आणि २०१७ साली पृष्ठभागावर भडकलेल्या आगीने देशभर कुप्रसिद्ध झाला. २०१८ पासून याच कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील सांडपाणी शुद्ध करून नळांवाटे कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत सोडले जाते. विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने १६३८ साली केंपेगौडाकडून बंगळूर घेतले, त्यानंतर शहाजीराजांस या प्रांताची जहागीर मिळाली आणि तीत कोलारही होते. त्या जुन्या जहागिरीचे एक ठाणे दुसऱ्याचे धुणे धुतलेले पाणी तलावांत मुरवून आपली विहीर जगवील, हे तत्कालीन कोणा कारकुनाच्या दप्तरात खचितच नोंदले गेले नसेल.

कचऱ्याच्या बाबतीत शिरस्ता अधिक कडक. ओल्यासाठी हिरवी बादली, टाकाऊ व आरोग्यास अपायकारक वस्तूंसाठी लाल, आणि सुक्यासाठी पिशवी, अशी बंगळूरची वाटणी आहे. आमची प्रवासी पिशवी, जीत केळ्याच्या सालींपासून जुन्या नकाशांपर्यंत सर्व जातींचे ऐक्य नांदत होते, ती तेथील सफाई कामगार बाईंनी शांतपणे परत केली, आणि आम्ही दोघांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिचा निवाडा केला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून असल्या प्रवासाची पृच्छा करणारे वाढले आहेत. त्यांना माझा सल्ला असा की, मार्गाच्या आखणीत किल्ले, देवळे, समुद्रकिनारे यांच्या बरोबरीने अधूनमधून पाहण्याजोगे काहीच नसलेल्या एखाद्या जागेची तरतूद अवश्य करावी. मात्र सर्जापूर रोडचे नाव प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत कोणी घालू नये, ही विनंती. तसे झाले, तर तेथे धुणे वाळत घालावयास मोकळा भूखंड मिळावयाचा नाही.