तिथीची पाऊणपट

प्रवासवर्णनांचे प्रकल्प तपासताना 'निसर्गरम्य' हा शब्द पानोपानी भेटतो. पूर्वी मी तो हसून सोडून देत असे. आता त्याचा राग येतो, आणि त्याला कारण हरिहरेश्वर आहे.

श्रीवर्धन तालुक्यातील हे क्षेत्र पेशव्यांचे कुलदैवत. दर्शनाचा क्रम ठरलेला : आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव. त्यानंतरची प्रदक्षिणा मात्र देवळाच्या आवारात मावत नाही. वाट डोंगरावर चढते, दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि थेट लाटांपुढच्या खडकांवर येते. उजव्या हाताला कडा, डाव्या हाताला समुद्र. लाटांनी आणि खारट वाऱ्याने त्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत. शिरूरच्या मुलांना हा दगड परका वाटत नाही. टाकळी हाजीजवळ कुकडीने रांजणखळगे कोरले आहेत, ते याच काळ्या पाषाणात. फरक इतकाच, की कुकडी वर्षातले कित्येक महिने माणसाला खडकावर उतरू देते. समुद्र दिवसातून दोनदाच देतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहल घेऊन गेलो, तो दिवस पौर्णिमेचा होता. रात्रभर प्रवास करून अकराच्या सुमारास पोहोचलो. पायऱ्यांपाशी एका वृद्धाने विचारले, "आज तिथी कोणती?" पौर्णिमा म्हणताच तो म्हणाला, "मग पाऊणपट करा की, गुरुजी." कोकणातला हा जुना हिशेब : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही नेमके भर उधाणात उभे होतो. ओहोटी साडेपाचच्या आसपास लागणार होती, आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खूप खोलवर जाते, खडक पार उघडे पडतात. पण बस तीनला निघायची होती.

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने या प्रदक्षिणेचा नवस बोलला होता. ती मुलगी वरच्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली, हात जोडले आणि परतली. पुढे तिच्या प्रकल्पात मी वाचले : 'प्रदक्षिणा पूर्ण केली. परिसर अत्यंत निसर्गरम्य आहे.' मी त्याला चांगले गुण दिले.

तिने खोटे का लिहिले, हे मला कळते. आम्ही शिकवलेल्या प्रवासवर्णनात अडलेल्या वाटेला जागाच नव्हती. तिथे समुद्र 'अथांग' असतो, मन 'प्रसन्न' होते, आणि भरती किती वाजता हे कोणी विचारत नाही. अशा लेखनाला मी निरुपद्रवी मानत नाही. त्या खडकांवरून माणसे वाहून गेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. पाट्या लावलेल्या असतात. पण 'रम्य' वाचून आलेला माणूस पाटीही शोभेचीच समजतो.

खरे तर ही गोष्ट आपल्याकडेही होती. सिद्धटेकचे देऊळ टेकडीला लागून असल्याने तिथली प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालावी लागते, सुमारे पाच किलोमीटरची. दौंडकडून जाणारे शिरापूरहून होडीने भीमा ओलांडत. नदीला पूर आला की दर्शन राहिले. त्या राहिलेल्या दर्शनांविषयी कोणी लिहून ठेवले असते तर ते मी आज अभ्यासक्रमात आनंदाने लावले असते. पूल झाला, सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

यंदा वर्गात मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवली. आमच्या घरांत तिथी पाहायची ती उपवासासाठी नाहीतर श्राद्धासाठी. मी मुलांना संकष्टीचा हिशेब करायला सांगितला. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, तर ओहोटी नऊच्या सुमारास. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, नऊ म्हणजे रात्री आमच्याकडे चंद्रोदयाची वाट बघतात तीच वेळ की." मी फळ्यावर दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. त्यावर निबंध लिहा म्हटले. तास संपला होता, तरी कोणी उठले नाही.