हातांना आठवत असते

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत प्रत्येक घरात एक प्रश्न निघतोच : "हे आता कशाला ठेवायचे?" आमच्या यवतमाळच्या घरी हा प्रश्न एका जुन्या टोपलीविषयी निघाला. तीत सरकीसकट थोडा कापूस आणि राखेची डबी होती. काकूंची ती वाती वळण्याची टोपली.

काकूंचे वय 84. स्मृतिभ्रंशामुळे सकाळचे जेवण त्यांना दुपारी आठवत नाही. नातवाला त्या दिराच्या नावाने हाक मारतात. दिवस कलला की "मला घरी नेऊन घाल" असा धोशा सुरू होतो.

टोपली टाकण्यापूर्वी सूनबाईंनी ती सहज त्यांच्या मांडीवर ठेवली. काकूंनी सरकी वेगळी केली, कापूस मोकळा केला, बोटांना राख लावली आणि तळहातावर वात वळली. मग बोलू लागल्या : माहेरचे शेत, वेचणीची ओटी, कोळशाचे कण डोळ्यांत उडवीत मूर्तिजापूरकडे जाणारी शकुंतला. त्या अरुंद रुळांवरचे वाफेचे इंजिन 1994 मध्येच थांबले; काकूंच्या बोलण्यात मात्र ते अजून धावत होते. त्या संध्याकाळी त्यांनी घरी नेण्याचा हट्ट धरला नाही.

हा चमत्कार नव्हे. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी बहुधा आधी पुसट होतात. बालपणीच्या व तरुणपणीच्या अधिक काळ टिकतात. वर्षानुवर्षे केलेल्या कामाची हातांची सवय तर शब्दांच्याही मागे उरते. घराच्या ओढीला 1688 मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्याने 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले, ते एक आजार म्हणून. पुढे 1963 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी दाखवून दिले की, उतारवयात मागे वळून पाहणे ही मनाची स्वाभाविक गरज आहे. याच विचारातून जुन्या वस्तू, छायाचित्रे, गाणी यांच्या साहाय्याने गप्पा करण्याची 'रेमिनिसन्स थेरपी' रुजली. तिने आजार बरा होत नाही. मात्र काहींची मनःस्थिती आणि संवाद यांत थोडी सुधारणा दिसते.

घरी हे करताना एका वेळी एकच वस्तू द्यावी : अडकित्ता, कंदील, पायली, पितळी डबा. तिला धार वा गंज नाही, हे आधी पाहावे. "हे काय आहे, सांगा बरे" अशी परीक्षा घेऊ नये, "यात काय ठेवत होता?" असे विचारावे. सन चुकला, नाव चुकले, तरी दुरुस्त करू नये. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. एखादी वस्तू दुःखही जागवते. डोळे भरून आले तर हात हाती घ्यावा, थोडे थांबावे आणि विषय हलकेच बदलावा. अस्वस्थता वाढत असल्यास डॉक्टरांशी बोलावे.

वाचकहो, जुने सारेच जपणे शक्य नाही. परंतु भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती वस्तू एकदा घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती द्या. त्यांना आपले नाव आठवेलच असे नाही. पण त्यांच्याजवळ बसून ऐकणारे कोणीतरी आहे, एवढे त्यांना नक्की कळते.

काकूंच्या वाती आता रोज देवापाशी लागतात.