घाटातल्या प्रत्येक दरडीला नंबर द्या

११ जून २०२४ रोजी मालशेज घाटात एका रिक्षावर दरड कोसळली. मुलुंडहून गावाकडे निघालेले कुटुंब त्या रिक्षात होते. त्यातले काका आणि त्यांचा लहान पुतण्या जिवानिशी गेले. पावसाळा नुकता सुरू झाला होता. आठवडाभराची झड लागली नव्हती, धरणे भरली नव्हती, की हवामान खात्याचे लाल इशारे रोज सुटत नव्हते. मोसमाच्या पहिल्याच सरींनी तो दगड सुटला, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत तो सुटायच्या बेतात तिथेच बसलेला असणार. त्या दोन महिन्यांत त्या कड्यावर चढून दगडाला पहार लावून पाहण्याचे काम कोणाचे होते, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज मालशेजच्या मृत्यूंना अपघात म्हणणे मला मान्य नाही. ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात जुन्नर, ओतूर, अकोले, संगमनेर इकडून येऊन स्थायिक झालेली असंख्य घरे आहेत. त्यांच्या लग्नाकार्याचा, यात्रेचा आणि मयतीचाही रस्ता कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत याच घाटातून वर जातो. कल्याणच्या बाजार समितीत उतरणारी जुन्नरची भाजी याच घाटातून खाली येते. पर्यटकांच्या गर्दीच्या बातम्यांमुळे मालशेज म्हणजे धबधबा असे समीकरण झाले आहे, पण मुळात तो राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे, लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा.

माझे म्हणणे एका तुलनेवर उभे आहे आणि ती तुलना ठाकुर्लीच्या फलाटावरूनच करता येते. इथून पुढचे स्टेशन कल्याण. तिथे रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याकडे थळ घाट चढतो, दुसरा कर्जतकडून बोरघाट. ठाकुर्लीच्या चोळे वीजघराने १९२९ च्या सुमारास या घाटांतल्या विजेच्या इंजिनांना वीज पुरवायला सुरुवात केली, इतके या गावाचे आणि घाटांचे नाते जुने आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये गेली, थळ घाटातून १८६५ मध्ये. म्हणजे दीडशेहून अधिक पावसाळे त्या कापलेल्या डोंगरांनी काढले. मध्य रेल्वे तिथे दर वर्षी पावसाळ्याआधी काय करते, ते पाहण्यासारखे आहे. ‘हिल गँग’ म्हणून ओळखली जाणारी कामगारांची तुकडी दोर बांधून कड्यावर चढते, दगड न् दगड तपासते, सैल झालेल्यांवर खूण करते. मग वाहतूक थांबवून ते दगड मुद्दाम खाली पाडले जातात आणि ‘बोल्डर स्पेशल’ गाडी येऊन ते उचलून नेते. जिथे दगड पाडणे शक्य नाही तिथे लोखंडी जाळी किंवा कुंपण बसते, बोगद्याचे तोंड काँक्रीटने पुढे वाढवले जाते, डोंगरमाथ्यावरचे पाणी वळवण्यासाठी चर खणले जातात. पावसाळाभर धोक्याच्या जागी पहारेकरी रात्रंदिवस उभा असतो. एवढे करूनही या घाटांत माती-दगड रुळावर येतात, गाड्या तासन्‌तास खोळंबतात. पण खोळंबलेल्या गाडीतला प्रवासी उशिरा का होईना, घरी पोचतो.

कोकण रेल्वेला हे शहाणपण फार मोठी किंमत मोजून आले. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची विशेष गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. वर्ष उलटायच्या आत, १६ जून २००४ रोजी, महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस तशाच दगडांमुळे पुलावरून घसरली. दोन्ही तारखा जूनच्या आहेत, पहिल्या पावसाच्या, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्यानंतर रेल्वेने कटिंगचे उतार कमी उभे केले, जाळ्या ठोकल्या, गस्त वाढवली, पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक केले आणि त्यात गाड्यांचा वेग उतरवला. प्रवाशांनी कुरकुर केली, वेळ वाढला, पण ते वेळापत्रक टिकले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या त्या मार्गावर दरडीमुळे वैभववाडीसारखा संहार पुन्हा झालेला नाही. सह्याद्री तोच, कातळ तोच, पाऊसही तोच. बदलली ती फक्त देखभाल. एवढा सरळ पुरावा हाताशी असताना रस्त्यावरच्या दरडीला निसर्गाचा कोप म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता दगड सुटतो कसा, ते थोडक्यात. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. बसाल्टचा थर निवताना आकसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबडी, मऊ माती आहे. पाणी भेगांतून उतरते, तांबड्या थराशी अडते, माती फुगते आणि वाहून जाते, वरच्या ठोकळ्याचा आधार सुटतो. झाडांची मुळे भेगा रुंद करतात. उन्हाळ्यात तापणे आणि रात्री निवणे यानेही कातळ सुटत राहतो. हे सगळे शतकानुशतके चालूच होते. त्यात आपण डोंगराचा पायथा कापला. रस्ता रुंद करताना जागा कमी पडते म्हणून कटिंग जवळजवळ उभे ठेवले जाते, सुरुंगाच्या हादऱ्याने आतल्या भेगा उघडतात आणि रुंदीकरण झाल्यावर मोजमाप पुस्तकात नोंद होते ती डांबराची आणि काँक्रीटची. वरच्या उघड्या पडलेल्या कड्याची नोंद होत नाही, कारण तो रस्त्याचा भाग समजलाच जात नाही. माझ्या मते चुकीचे मूळ इथे आहे. घाटातला रस्ता म्हणजे नुसती डांबराची पट्टी नव्हे. तिच्या डोक्यावर लोंबणारा डोंगरउतार हासुद्धा रस्ताच आहे, आणि तो बिघडला तर रस्ता बिघडला.

यावर पहिले उत्तर दिले जाते ते पावसाचे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी महाड तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. इतक्या पावसापुढे कोणती पहार आणि कोणती जाळी टिकणार, असे विचारले जाते. हे खरे आहे, आणि माळीण, तळिये, इर्शाळवाडी या गावांवर आलेले संकट वेगळ्या जातीचे होते हेही खरे आहे. तिथे डोंगराचा सबंध उतारच चिखल होऊन खाली आला. पण घाटरस्त्यावर माणसे मरतात ती बहुतेकदा एका दगडाने किंवा एका ढिगाऱ्याने. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ताम्हिणी घाटात चालत्या मोटारीच्या छताची काच फोडून दगड आत आला आणि पुण्याची एक प्रवासी महिला मृत्युमुखी पडली. ढगफुटी झाल्याखेरीज दगड पडत नसते, तर पावसाकडे बोट दाखवता आले असते. अतिवृष्टीचा युक्तिवाद फार तर वर्षातल्या चार-पाच दिवसांना लागू होतो, आणि त्या दिवशी घाट बंद ठेवणे हाच इलाज आहे. उरलेल्या दिवसांसाठी तो निमित्त म्हणून वापरता येणार नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. रेल्वे एकच मालक, एकच रूळ, एकच नियंत्रण कक्ष. गाडी थांबवायची तर एक सिग्नल लाल करायचा. रस्त्याचे तसे नाही. कुठे राष्ट्रीय महामार्ग, कुठे सार्वजनिक बांधकाम खाते, कुठे रस्ते विकास महामंडळ, कुठे महापालिका. शिवाय रस्त्याची हद्द काही मीटरवर संपते आणि दगड सुटतो तो बहुधा त्याच्या वरच्या वनजमिनीतून. बांधकाम खाते म्हणते डोंगर आमचा नाही, वन खाते म्हणते रस्ता आमचा नाही. मुंब्रा बाह्यवळण रस्ता पारसिकच्या डोंगराच्या कुशीतून जातो. डोंबिवली-ठाकुर्लीकडून ठाण्याला जाणाऱ्यांना तो माहीत आहे, तिथे पावसाळ्यात दगड खाली येतात हेही माहीत आहे. ठाकुर्लीहून कल्याणकडे जाताना लागणाऱ्या कचोरे-नेतिवलीच्या टेकडीवरही तेच, फक्त तिथे दगडाच्या वाटेत मोटारीऐवजी घरे आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन यंत्रणा आणि मधला डोंगर बेवारस. मी ही अडचण मान्य करतो. पण तिचा अर्थ उलटा काढायला हवा. मालक अनेक आहेत म्हणूनच प्रत्येक उताराला एक मालक नेमून देणे हे पहिले काम ठरते.

ते कसे करता येते, याचे उदाहरण हाँगकाँगमध्ये आहे. आपल्यासारखाच मोसमी पाऊस, उभे डोंगर, जमिनीची टंचाई आणि दाट वस्ती. १८ जून १९७२ रोजी एकाच दिवशी दोन ठिकाणी डोंगर खचून तिथे १३८ माणसे मेली आणि १९७६ मध्ये त्यातल्याच एका वसाहतीत पुन्हा तेच घडले. १९७७ मध्ये तिथल्या सरकारने फक्त उतारांसाठी स्वतंत्र तांत्रिक कार्यालय काढले. आज तिथे माणसाने कापलेल्या किंवा भर घातलेल्या सुमारे ६०,००० उतारांची नोंदवही आहे. प्रत्येकाला क्रमांक, उताराच्या पायथ्याशी त्या क्रमांकाची पाटी आणि देखभाल कोणी करायची त्याची नोंद सगळ्यांना पाहायला खुली. पैसा त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे, हे उघड आहे. पण क्रमांकाच्या पाटीला किती पैसा लागतो? आपल्याकडे किलोमीटरचा दगड प्रत्येक रस्त्यावर आहे, विजेच्या खांबाला नंबर आहे, रेल्वेच्या प्रत्येक पुलाला नंबर आहे. मालशेजच्या कटिंगला नंबर देण्यात अडचण पैशाची नाही. नंबर दिला की त्याच्यापुढे कोणाचे तरी नाव लिहावे लागते, अडचण ही आहे.

पैशाचा मुद्दा जाळ्यांबाबत मात्र खरा आहे. उंच कड्यावर पोलादी जाळी ठोकणे महाग पडते आणि राज्यातल्या सगळ्या घाटांना जाळीने मढवणे अशक्य आहे. ते पुरेसेही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड मोटारींवर कोसळून प्रवासी मेले, त्यानंतर त्या मार्गावर जाळ्यांची मोठी कामे झाली आणि तरीही जुलै २०२३ मध्ये आडोशीजवळच दरड पुन्हा रस्त्यावर आली. जाळी सुटा दगड अडवते, पाण्याने फुगलेली माती अडवत नाही. त्यासाठी वरचे चर आणि गटारे साफ हवीत, आणि ती दर वर्षी करावी लागतात. माझा आग्रह म्हणूनच जाळ्यांपेक्षा माणसांसाठी आहे. दोर, पहार, शिडी आणि अनुभवी डोळा असलेली पंधरा-वीस जणांची तुकडी मालशेजसारख्या एका घाटाला पुरे पडावी. मुरबाड आणि जुन्नर तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांमध्ये हे कडे अंगणासारखे ओळखणारे तरुण आहेत, आणि गिर्यारोहक संस्थांची राज्यात वाण नाही. रेल्वेचे हिल गँगवाले त्यांना शिकवू शकतात. एका मोसमाची मजुरी आणि विमा धरला तरी हा खर्च रुंदीकरणाच्या निविदेत दिसणारही नाही.

दरम्यान आपल्याकडे होते काय, तर ‘दरडप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा’ अशी पाटी लागते आणि जुलैत पर्यटकांवर बंदीचा आदेश निघतो. बंदीला माझा विरोध नाही. धबधब्याखाली गाडी उभी करून रस्ता अडवणाऱ्यांना आवरलेच पाहिजे. पण मालशेजच्या त्या रिक्षातले प्रवासी धबधबा पाहायला थांबले नव्हते, रस्त्याने जात होते. त्यांनी रिक्षा सावकाश चालवली असती तर वाचले असते का? दरडीखालून जाणाऱ्याने वेग कमी करावा की वाढवावा, हेसुद्धा ती पाटी सांगू शकत नाही. सावधगिरीचा सगळा भार प्रवाशावर टाकणारी सूचना ही सूचना देणाऱ्याचा बचाव करते. घाट वेळेवर आणि ठरवून बंद करता येतो, हे परशुराम घाटाने दाखवून दिले आहे. चौपदरीकरणाचे काम सुरू असताना २०२२ च्या उन्हाळ्यात तो रोज काही तास बंद ठेवला गेला, लोकांनी पर्यायी रस्ता धरला. म्हणजे मालशेजमध्ये मे महिन्यात आठवडाभर दुपारचे काही तास वाहतूक थांबवून सैल दगड पाडणे अशक्य नाही.

कायद्यातही आधार आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्याने कोणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार अधिकारी यंत्रणा, सल्लागार किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम फार तोकडी आहे, पण तत्त्व मोलाचे आहे. दरडीच्या बाबतीत ते लागू करायचे तर कोणत्या उताराची कोणत्या तारखेला तपासणी व्हायला हवी होती आणि ती झाली की नाही, हे सिद्ध करावे लागेल. नोंदवहीच नसेल तर कसूरही सिद्ध होत नाही. मग मृताच्या घरी सरकारी मदतीचा धनादेश पोचतो आणि प्रकरण तिथेच संपते.

म्हणून कल्याण, मुरबाड आणि जुन्नरच्या लोकप्रतिनिधींकडे मागणी एकच आणि मोजता येण्यासारखी आहे. मालशेज घाटातल्या प्रत्येक कटिंगला येत्या उन्हाळ्याआधी क्रमांक द्या, बांधकाम आणि वन खात्यांपैकी नेमका कोणता अधिकारी त्याला जबाबदार ते ठरवा, दर वर्षी ३१ मेपर्यंत कड्यावर चढून तपासणी करा आणि तपासणीची तारीख, पाडलेले दगड आणि शिल्लक धोका यांची यादी टोकावडे आणि ओतूर इथल्या एसटी थांब्यांवर मराठीत लावा. मालशेजमध्ये जमले तर ताम्हिणी, वरंधा आणि आंबेनळीलाही तेच लागू करा. वाचकांनीही पुढच्या मे महिन्यात गावाकडे जाताना त्या थांब्यावर उतरून ही यादी लागली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर तिथूनच आपल्या आमदाराला फोन करावा.