वाट आणि सोबत





रोज सकाळी शाळेच्या सायकल-स्टँडवरून एक फेरी मारण्याची मला सवय आहे. अलीकडे तिथे रुंद टायरच्या, पुढे शॉक-ॲब्झॉर्बर असलेल्या गियरच्या सायकली बऱ्याच दिसतात. कोणाला वाढदिवसाला मिळालेली, कोणाला दहावीच्या निकालाची. डोंगर-दगडांसाठी बनवलेल्या या सायकली, पण एकीच्याही टायरला माती लागलेली दिसत नाही. एकदा नववीच्या एका मुलीला मी विचारलेच. ती म्हणाली, "मॅडम, जायचे कुठे आणि कोणाबरोबर? घरी एकटीला सोडत नाहीत."

तिचे उत्तर खरे आहे, आणि त्याची जबाबदारी आपणा मोठ्यांवर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सायकल दुकानात मिळते, पण वाट आणि सोबत मिळवून द्यावी लागते.

हे मी अनुभवाने सांगते. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मीही अशी एक सायकल घेतली आणि उत्साहाच्या भरात, कोणालाच न विचारता, एका रविवारी सिमरोलच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर एकटी शिरले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आपल्या माळव्याची काळी माती! शंभर पावले गेले नसेन, तोच टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये चिखल गच्च भरला, चाक जागीच थांबले आणि मी पडले. मनगट सुजले. एका दूधवाल्या दादांनी उठवले, काडीने चिखल काढून दिला आणि म्हणाले, "मैडम, चौमासे में इधर नी आते. मुरम वाला रास्ता पकड़ो." माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, पुस्तकेही पुष्कळ वाचली, पण हे एक वाक्य कुठल्याच पुस्तकात नव्हते. माझे पहिले वाटाडे तेच.

या खेळाचा जन्मही सोबतीतूनच झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन काउंटीत, काही मित्र जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपाइस व आसपासच्या डोंगरांवरील कच्च्या रस्त्यांनी खाली उतरत. १९७६ पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रिपॅक' पडले. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. त्या मित्रांसाठी कोणी खास वाटा बांधल्या नव्हत्या. होत्या त्याच वाटा त्यांनी एकमेकांच्या सोबतीने शोधल्या.

आपल्याकडे वाटांची वाण नाही. 'चाकोरी' हा शब्द आपण नाक मुरडून वापरतो. पण मुळात ती बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट, आणि शिकाऊ सायकलस्वाराला तिच्यासारखी शाळा नाही. सुरुवात हातोद-गुलावटकडच्या सपाट शेतरस्त्यांनी करावी, तीही दसऱ्यानंतर, सोयाबीन निघाल्यावर आणि माती वाळल्यावर. पाय तयार झाले की महूपुढे जानापावचा चढ आहे. राळामंडल हे अभयारण्य आहे. तिथे विचारल्याशिवाय सायकल नेऊ नये. महूच्या लष्करी हद्दीत शिरू नये. पिकातून सायकल घालू नये. आणि पावसाळ्यात धबधब्याच्या पात्राजवळ मुळीच थांबू नये. जुलै २०११ मध्ये पातालपाणी येथे अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली, ते इंदूर विसरलेले नाही. नवी वाट आधी पायी चालून पाहावी, मग सायकलने जावे.

सोबती कसा असावा? सर्वांत वेगवान असलाच पाहिजे असे नाही. तो थांबणारा असावा. प्रत्येक फाट्यावर मागच्याची वाट पाहणारा, पंक्चर काढता येणारा, आणि चढावर कोणी उतरून सायकल ढकलू लागला तर न हसणारा. असा माणूस कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात चौकशी केली तरी सापडतो.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. दसरा ते होळी, महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेतर्फे सायकल-फेरी काढण्यास अनुमती द्यावी. पुढे एक व मागे एक मोठे माणूस, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, एक प्रथमोपचार पेटी आणि पालकांचे संमतीपत्र. वेग सर्वांत मागच्या मुलाचा. "काही झाले तर?" हा प्रश्न मला ठाऊक आहे. पण आपण परवानगी दिली नाही म्हणून मुले घरी बसत नाहीत. ती बायपासवर ट्रकांच्या बाजूने सायकली पळवतात, एकटी, कोणाला न सांगता. धोका तिथे जास्त आहे. घरी बसतात त्या फक्त मुली, आणि ते मला अधिक खुपते.

म्हणून पालकांनो, मुलीला "एकटी जाऊ नकोस" असे जरूर सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. "चल, मी येतो", "चल, मी येते" असेही म्हणा. सायकल नसेल तर भाड्याने घ्या. दम लागेल, लागू द्या.

पहिल्या फेरीत सर्वांत मागे मीच असेन. त्यामुळे मागे पडण्याची भीती कोणी बाळगू नये.

आपली,
प्राचार्या