दुसरी सायकल घ्यावी काय?

दिल्लीत माझ्याजवळ वीसेक किलोंची जुनी काळी सायकल आहे. कार्यालयात जाण्यायेण्यास ती पुरते. रविवारच्या भटकंतीसाठी मात्र हलकी, गिअरची दुसरी घ्यावी, असे मनात घोळते आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याने मोह वाढला. दिल्ली सपाट; रिजचा चढ सोडल्यास गिअर हवेतच असे नाही. वजनाचा फरक मात्र पंचवीस-तीस किलोमीटरनंतर मांड्यांना कळतो.

तरीही तूर्त मी ती घेणार नाही. अडचण आहे ती सायकल उभी करण्याची. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या वहनास प्राधान्य दिले. आमच्या आवारात मोटारींसाठी आखलेले चौकोन आहेत आणि सायकलीला जिन्याखालचा कोपरा. महागडी सायकल तिथे कोण ठेवील? पोस्टमन व रेल्वेचे ट्रॅकमन यांना मिळणारा सायकल भत्ता रद्द करावा, अशी सातव्या वेतन आयोगाची शिफारस होती. सरकारने ती न मानता २०१७ मध्ये तो दरमहा ९० वरून १८० रुपये केला. पंक्चरांपुरते झाले म्हणायचे! पण सायकल हे कामाचे वाहन आहे, हे शासनाने त्यातून मान्यच केले. मग तिला छप्पर आणि कुलूप अडकवायला एक लोखंडी दांडा का नसावा? तशी टिपणी मी प्रशासन शाखेकडे पाठविली आहे. दांडा बसला, की दुकान गाठीन.