गट नंबर लपवून गिऱ्हाईक मिळत नाही

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात जमीन व प्लॉटच्या दलालीत आज बरीच तरुण मंडळी उतरली आहेत. या धंद्याला दुकान लागत नाही, माल भरावा लागत नाही. मोटारसायकल आणि मोबाईल एवढ्यावर सुरुवात होते. शेती परवडत नाही, नोकरी मिळत नाही, मग मुले इकडे वळतात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. दोन अनोळखी माणसांत सौदा घडवून आणणे हे कष्टाचे व जबाबदारीचे काम आहे.

मात्र या तरुणांशी बोलले की एकच तक्रार ऐकू येते. व्हॉट्सअॅपच्या दहा-पंधरा ग्रुपवर रोज जाहिरात टाकतो, फेसबुकवर टाकतो, पाहणारे पुष्कळ असतात, "भाव काय?" असे विचारणारे चार-दोन निघतात, पण मोक्यावर कोणी येत नाही. यावर सल्ला देणारेही कमी नाहीत. रोज टाका, व्हिडिओ करा, गाणे लावा, ग्रुप वाढवा! आमच्या मते दुखणे तेथे नाहीच. जाहिराती भरपूर होत आहेत. जाहिरातीत जे लिहायला पाहिजे तेच नेमके लिहिलेले नसते.

अशा जाहिरातीचा ठरलेला मजकूर पाहा. "रोडटच प्लॉट विकणे आहे, मोक्याची जागा, संधी सोडू नका, दलालांनी फोन करू नये." हे लिहिणारा स्वतः दलालच असतो, ही गंमत सोडून द्या. पण गट नंबर नाही, अकृषक आदेशाचा क्रमांक नाही, क्षेत्रफळ "अंदाजे", भाव "फोनवर". घेणाऱ्याने यावरून काय समजायचे? आयुष्यभराची बचत घेऊन निघालेला माणूस अशा चार ओळींवर पुण्याहून किंवा आखातातून फोन करील काय? केलाच तर तो दोन रुपये स्वस्त भाजी शोधणाऱ्यासारखा नुसती चौकशी करील व विसरून जाईल.

गट नंबर का लिहीत नाहीत, याचे कारण धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नंबर लिहिला की गिऱ्हाईक मोबाईलवर सातबारा काढते, मालकाचे नाव पाहते आणि दलालाला वगळून थेट मालकाच्या घरी जाऊन बसते. किंवा दुसरा दलाल तेच शेत स्वतःचे म्हणून पुढे करतो. ही भीती खोटी नाही. महिनाभर उन्हातान्हात फिरून ठरवलेला सौदा परस्पर झाला आणि हाती काही आले नाही, असे या धंद्यात घडत आले आहे. पण त्यावर नंबर लपवणे हा उपाय नव्हे. गाव लहान आहे. प्लॉटच्या फोटोत विजेचा खांब व मागचे जिनिंग दिसले तरी जाणकार माणूस शेत ओळखतो. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे त्याला कळते, आणि ज्याला दाखवायचे तो परगावचा गिऱ्हाईक तेवढा अंधारात राहतो.

खरा उपाय मालकाकडे आहे. अमुक गटातील अमुक क्षेत्र, अमुक भावाने, अमुक महिन्यांपर्यंत तुमच्यामार्फत विकायचे आणि दलाली शेकडा इतकी, असे मालकाकडून लिहून घ्या. त्याला फार मोठा दस्त लागत नाही, पण सही आणि तारीख पाहिजे. आपल्याकडे दलालीचे सारे तोंडी चालते. मालक सहा जणांना "बघा एखादे गिऱ्हाईक" म्हणतो. समजा त्याची अपेक्षा बारा लाखांची आहे. एक दलाल बाराच लिहितो, दुसरा साडेतेरा, तिसरा पंधरा, आणि हे तिघेही एकाच ग्रुपवर असतात. गिऱ्हाईक तिन्ही जाहिराती वाचते आणि एकाकडेही जात नाही. वरचे दीड किंवा तीन लाख दलालाने मधल्यामध्ये ठेवायचे, हा प्रकार तर बंदच झाला पाहिजे. दलाली दोन्ही बाजूंना आधी सांगून घ्यावी. सांगून घेतलेल्या पैशाबद्दल कोणी बोट दाखवत नाही. दुसऱ्या दलालाने गिऱ्हाईक आणले तर त्याच्याशी निम्मी वाटणी ठरवावी आणि तीही लिहावी. जाहिरातीत "दलालांनी फोन करू नये" असे लिहिणाऱ्याने अकोट, हिवरखेड, शेगाव, अकोल्याची सगळी गिऱ्हाईके स्वतःच्या हाताने परत पाठवलेली असतात.

आता मोबाईलकडे वळू. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी करून एकाच वेळी २५६ जणांना निरोप पाठवता येतो, हे बहुतेकांना माहीत आहे. पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये नाव घालून ठेवला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. यादीत अडीचशे नावे भरली, त्यातल्या चाळीस जणांनीच नंबर ठेवला असेल, तर निरोप चाळीस जणांनाच गेला. एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यालाही भारतात २०१८ पासून आळा आहे. तेव्हा नंबर ठेवून घेण्याचे काम बाजार समितीच्या आवारात, तहसीलच्या कट्ट्यावर, आठवडी बाजारात, चहाच्या टपरीवर समोरासमोरच करावे लागते. तेथे "प्लॉट घेता का?" असे विचारू नये. एखाद्याचा फेरफार अडला असेल तर कोणाकडे जायचे ते सांगावे, मोजणीचा अर्ज भरून द्यावा. तो माणूस नंबर आपणहून ठेवतो. लग्नाच्या पंगतीत कार्डे वाटत फिरणाऱ्याला मात्र लोक टाळतात, आणि ते बरोबरच आहे.

तेल्हाऱ्यात प्लॉट घेणारा बहुतेक वेळा तेल्हाऱ्यात राहत नाही. तो पुणे, मुंबई, सुरत किंवा आखातात कामाला असतो आणि गावी घर असावे म्हणून घेतो. पाहायला येतो त्याचा वडील किंवा मेहुणा. म्हणजे पाहणारा एक, पैसे देणारा दुसरा. पैसे देणाऱ्याला फोनवरच विश्वास पटवावा लागतो आणि समाजमाध्यमाचा खरा उपयोग येथे आहे. त्याला सजवलेला फोटो नको. त्याला चालू सातबारा, अकृषक आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा आणि चारही बाजूंनी फिरवलेला साधा व्हिडिओ पाठवा. एक व्हिडिओ पावसाळ्यातलाही असू द्या. आपली जमीन काळी. माघ महिन्यात जेथे मोटार उभी राहते, तेथे श्रावणात पाय रुततो. घेणाऱ्याला हे खरेदीनंतर कळण्यापेक्षा तुमच्याकडून आधी कळले, तर तो दुसऱ्या चार जणांना तुमचे नाव सांगतो.

पाण्याचेही तसेच आहे. तालुक्याच्या एका अंगाला सातपुड्याचा पायथा व वान धरणाचे पाणी, दुसऱ्या अंगाला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. दोन्हीकडच्या जमिनीला एक भाव नाही. शेत असो की प्लॉट, विहीर किंवा बोअरचे पाणी गोडे की खारे हे जाहिरातीतच लिहावे. ही ओळ आम्ही अजून एकाही जाहिरातीत वाचलेली नाही!

उलट वाचायला मिळते ते रेल्वेचे. अकोला ते अकोट ब्रॉडगेजवर नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी सुरू झाली. त्यानंतर पुढचा मार्ग अडगाव, हिवरखेडकडून जाणार या आधारावर "स्टेशनपासून पाच मिनिटे" असे लिहिण्याची चढाओढ लागते. जे झाले नाही ते झाले म्हणून विकणे ही फसवणूकच आहे, मग लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो.

कायद्याची बाजूही तरुणांनी नीट समजून घ्यावी. स्थावर संपदा कायदा २०१६ चा, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. ज्याला आपण महारेरा म्हणतो ते प्राधिकरण याच कायद्याखालचे. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर ले-आउट पाडून प्लॉट विकायचे असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही. अशा प्रकल्पातले प्लॉट विकून देणाऱ्या दलालालाही नोंदणी घ्यावी लागते. व्यक्तीसाठी तिची फी १० हजार रुपये असून मुदत पाच वर्षे आहे. नोंदणी नसताना काम केले तर दिवसाला १० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. २०२३ पासून दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले. कायद्याने "जाहिरात" या शब्दात कोणतेही माध्यम धरले आहे. त्यामुळे "मी फक्त व्हॉट्सअॅपवर टाकले होते" हा बचाव होऊ शकत नाही. दहा हजार ही रक्कम नव्या मुलाला जड वाटते, हे खरे. पण नोंदणी क्रमांक असलेला माणूस अकोल्याच्या किंवा पुण्याच्या गिऱ्हाइकाला अनोळखी राहत नाही. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो.

सर्वांत मोठा धोका शेतातल्या एक-दोन गुंठ्यांच्या "प्लॉट"चा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गरीब माणसाला तेवढेच परवडते, म्हणून ते विकले जाते. कधी सामाईक सातबाऱ्यावर नाव लागते, कधी मुद्रांकावर नुसती लिहापढी होते. नोंदणी नसलेल्या अशा कागदाने मालकी येत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे, आणि विदर्भासाठीचा १९५८ चा कूळ कायदा शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मनाई करतो. २०२५ मध्ये शासनाने शहरी हद्दीतील जुन्या तुकड्यांना मोकळीक देण्याचे पाऊल उचलले, त्यावरून आता कोणतेही शेत गुंठ्यांत विकता येते असे सांगत फिरणे चुकीचे आहे. येथे पैसा अडकतो तो हातगाडीवाल्याचा, वीटभट्टीवरच्या मजुराचा. त्याने तक्रार कोणाकडे करावी? मालक म्हणतो, मी दलालाला सांगितले होते. दलालाचा फोन बंद असतो.

म्हणून जाहिरात टाकण्याआधी सातबारा दलालाने स्वतः वाचावा. वर भोगवटादार वर्ग १ आहे की २? दोन असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय? वारसांत बहिणींची नावे आहेत काय, की नुसत्या भावांच्या सह्यांवर सौदा चालला आहे? बहिणीचा हिस्सा बुडवून केलेला सौदा कोर्टात जातो आणि इसाराचे पैसे वर्षानुवर्षे अडकतात. गावातली जागा असेल तर ती नझूलची आहे काय तेही पाहावे. एवढे पाहून झाल्यावर जाहिरातीत लिहावे, "गट नंबर अमुक, वर्ग १, बोजा नाही, सर्व वारसांची संमती आहे, मालकाने आम्हाला लेखी अधिकार दिला आहे." ही जाहिरात आठवड्यातून एकदा टाकली तरी पुरते.

आणि खरेदीखत झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, त्यानंतर नोंद प्रमाणित होते. बहुतेक दलाल दलाली घेतली की या टप्प्यावर दिसत नाहीत, आणि परगावचा खरेदीदार तलाठ्याला फोन लावत बसतो. तुम्ही ते पंधरा दिवस लक्ष ठेवा, आणि नव्या नावाचा सातबारा निघाला की त्याच दिवशी तो खरेदीदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. तो कागद त्याच्या घरच्या ग्रुपवर जातो, भावाकडे जातो, कंपनीतल्या सोबत्याकडे जातो, आणि कोणाकडून घेतला असे विचारणाऱ्याला तुमचा नंबर मिळतो.