संकल्प मोडला तरी साधना मोडू नये

‘संकल्प सोडणे’ हा मराठीतील एक अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. हातावर पाणी घेऊन ते ताम्हनात सोडायचे आणि एखाद्या कार्याचा निश्चय करायचा, असा त्याचा मूळ अर्थ. आरोग्याच्या बाबतीत मात्र हा प्रयोग दुसऱ्याच अर्थाने खरा ठरताना दिसतो. गुढीपाडव्याला किंवा १ जानेवारीला मोठ्या उत्साहाने वजन कमी करण्याचा निश्चय होतो. नवे बूट येतात, चहातील साखर बंद होते, पहाटेचा गजर लागतो. पुढे लग्नसराई येते, मुलांच्या परीक्षा येतात, आषाढातील पाऊस फिरणे थांबवतो, गणपतीत मोदक आणि दिवाळीत फराळ. मोठ्या कष्टाने उतरलेले चार किलो वजन परत येते, कधी सोबत आणखी एखादा किलो घेऊन येते. तेव्हा मनुष्य स्वतःशी एक निष्कर्ष काढतो, “हे आपल्याच्याने व्हायचे नाही.”

खरा पराभव या निष्कर्षात आहे. वाढलेले वजन पुन्हा उतरवता येते. परंतु प्रयत्नच व्यर्थ आहे असे एकदा मनाने घेतले की पुढील पाच-दहा वर्षे हातची जातात आणि नेमक्या त्याच वर्षांत मधुमेह व रक्तदाब शरीरात घर करतात.

हा प्रश्न काही मोजक्या लठ्ठ व्यक्तींपुरता राहिलेला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २४ टक्के स्त्रिया व सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल आढळले. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने तर सुमारे १० कोटी मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींचा अंदाज दिला. पोटावरील मेदाचे प्रमाण त्याच पाहणीत सुमारे ३९ टक्के प्रौढांत आढळले. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली जवळपास निम्मे भारतीय प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते.

“आम्ही काही जाड नाही” असे म्हणणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ असा अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. भारतीय शरीर बारीक दिसूनही मेद साठवते, हे त्या एका चित्राने जगाला सांगितले. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे जाणे ही सावधानतेची खूण मानतात.

दोष मनाचा की शरीराचा?

वजन परत वाढले की घरातील व बाहेरील सर्वांचा निवाडा एकच असतो : निग्रह कमी पडला. हा निवाडा अर्धसत्य आहे. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात कठोर आहाराने वजन उतरवलेल्या स्थूल व्यक्तींची वर्षभराने तपासणी झाली. भूक वाढवणारी संप्रेरके तेव्हाही चढलेली होती, तृप्तीची जाणीव देणारी उतरलेली होती. गमावलेला साठा परत मिळवण्याची शरीराची ही धडपड आहे. दुष्काळात पूर्वजांना तारणारी हीच व्यवस्था आज फराळाच्या डब्यासमोर वैरीण ठरते.

शॉर्टकट शोधणाऱ्यांसाठीही येथे एक इशारा आहे. २०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. योग्य रुग्णासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग निश्चित आहे. परंतु त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाबाबत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात असे दिसले, की औषध थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. मार्ग कोणताही असो, शरीर आपला जुना हिशेब विसरत नाही. तेव्हा घसरण ही अपवादात्मक घटना नसून या वाटेवरचा अपेक्षित टप्पा आहे, हे आरंभीच गृहीत धरणे शहाणपणाचे ठरते.

एक लाडू आणि उरलेला डबा

मनाचा दोष नाहीच असे मात्र नाही. तो दोष एक लाडू खाण्यात नसून त्यानंतरच्या विचारात आहे. “नेम मोडलाच आहे, आता आजच्या दिवशी खाऊन घेऊ, सोमवारपासून पुन्हा पाहू,” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मानसशास्त्रज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. १९७५ मध्ये पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनी केलेल्या प्रयोगात विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम चाखण्यास सांगितले. एरवी खाण्यावर कडक बंधन ठेवणाऱ्या मुलींनी मिल्कशेक प्यायल्यावर कमी नव्हे, उलट अधिक आइस्क्रीम खाल्ले. बांध एकदा फुटला म्हणताच त्यांनी पाणी अडवण्याचे सोडून दिले.

२००७ मध्ये क्लेअर अ‍ॅडम्स व मार्क लीरी यांनी या विचाराची दुसरी बाजू तपासली. गोड पदार्थ खाल्ल्यानंतर ज्या स्त्रियांना “असे सर्वांच्याच हातून होते, स्वतःला फार दोष देऊ नका” अशा आशयाचे शब्द ऐकवले गेले, त्यांतील पथ्य पाळणाऱ्या स्त्रियांनी पुढे कमी खाल्ले. अपराधीपणाची भावना माणसाला सावरते हा समज किती फसवा आहे, हे यातून ध्यानी यावे. स्वतःला शिव्या घालणारा मनुष्य सुधारत नाही, तो खचतो, आणि खचलेल्या माणसाला सर्वात जवळचा आधार पुन्हा डब्यातच सापडतो.

अभ्यास म्हणजे परत येणे

भारतीय योगपरंपरेने ही गाठ फार पूर्वी ओळखली होती. पतंजलींनी साधकाच्या मार्गातील जे नऊ अंतराय सांगितले, त्यांत व्याधी, संशय, आळस यांच्याबरोबरच ‘अनवस्थितत्व’ हाही एक आहे. मिळवलेल्या भूमिकेवर टिकून न राहता येणे, असा त्याचा अर्थ. वर चढलेला साधक खाली घसरू शकतो, हे त्यांनी मार्गाचे एक लक्षण म्हणून नोंदवले. त्यामुळे साधकाला अपात्र ठरवले नाही. यावरील उपाय म्हणून त्यांनी अभ्यासच सांगितला, आणि तो दीर्घकाळ, सातत्याने व आदरपूर्वक केल्यासच दृढ होतो असेही म्हटले. व्रतांच्या परंपरेतही व्रतभंगासाठी प्रायश्चित्त आहे. प्रायश्चित्त घ्यायचे आणि व्रत पुढे चालवायचे. नेम एकदा चुकला म्हणून देवघरच बंद करण्याचा सल्ला कोणी दिलेला नाही.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींना रोज एक नवी सवय लावून घेण्यास सांगितले. ती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. मात्र कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते, हा लोकप्रिय समज त्यापुढे टिकत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही.

यावर एक आक्षेप साहजिकच येईल. असे सांगणे म्हणजे ढिलाईला मुभा देणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. परंतु शिस्त या शब्दाचा अर्थ येथे नीट पाहिला पाहिजे. कधीच न चुकणे ही शिस्त नव्हे. ती केवळ अनुकूल परिस्थिती असू शकते. चूक झाल्यावर किती लवकर परतलो, हे शिस्तीचे खरे माप होय. दिवाळीतील चार दिवसांनी कोणाचे आरोग्य बिघडत नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लांबलेल्या ‘चार दिवसांनी’ ते बिघडते. ढिलाई करणारा परतीचा दिवस पुढे ढकलतो, साधक तो दिवस जवळ आणतो.

काटा हा एकमेव साक्षीदार नव्हे

निराशेचे आणखी एक कारण वजनाच्या काट्यावर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासात आहे. महिनाभर घाम गाळूनही काटा हलला नाही की सारे व्यर्थ वाटू लागते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींपैकी ज्यांनी आपली दिनचर्या बदलली नाही, त्यांच्यातील ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार व व्यायामात बदल करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेले नव्हते. काटा जागचा हलत नसतानाही शरीराच्या आत संरक्षण उभे राहत होते.

वजन उतरवायचेच तर तेही फार नको. अमेरिकेतील २००२च्या गाजलेल्या अभ्यासात उद्दिष्ट होते सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे. तेवढ्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. ऐंशी किलो वजनाच्या मनुष्यासाठी सात टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास. तीन महिन्यांत वीस किलोंचे स्वप्न विकणाऱ्या जाहिरातींच्या तुलनेत हे लक्ष्य किरकोळ वाटेल, पण आयुष्य वाचवण्याच्या दृष्टीने ते पुरेसे मोठे आहे.

घराची जबाबदारी

हा सर्व विचार एकट्या व्यक्तीच्या खांद्यावर टाकून कुटुंबाला मोकळे होता येणार नाही. मराठी घरात आग्रह हा आतिथ्याचा अलंकार मानला जातो. ताटात वाढलेला दुसरा लाडू नाकारणाऱ्याला “एकाने काय होते?” म्हणून गप्प केले जाते आणि महिन्याभराने त्याच माणसाच्या पोटावर विनोद होतो. आग्रह आणि उपहास यांच्या कात्रीत सापडलेला मनुष्य कोणत्या बळावर पुन्हा उभा राहणार? उपवासाचे तर ‘एकादशी दुप्पट खाशी’ असे होऊन बसले आहे. साबुदाण्याची खिचडी, वेफर आणि तळलेले वडे यांना संयम म्हणणे ही आत्मवंचना आहे.

घरातील स्त्रीचा विचार सर्वात शेवटी होतो. ती पतीचे पथ्य सांभाळते, मुलांचे डबे करते, उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून स्वतःच्या पोटात ढकलते. तिच्या फिरण्याची वेळ मात्र प्रत्येक पाहुण्याच्या आगमनाबरोबर रद्द होते. तिने व्यायाम सोडला असे म्हणण्यापूर्वी तो तिच्याकडून कोणी हिरावून घेतला, हे घराने स्वतःला विचारावे. रोज अर्धा तास स्वयंपाकघराची जबाबदारी दुसऱ्या कोणी घेतली, तर ते तिच्यासाठी कोणत्याही व्यायामशाळेच्या वर्गणीहून मोलाचे ठरेल.

या संदर्भात औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण स्मरणीय आहे. तरुणपणी त्यांनी सँडो पद्धतीचा व्यायाम केला, पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि उतारवयातही त्यांनी तो नेम सोडला नाही. त्यांनी पत्नीला व मुलांनाही यात सहभागी करून घेतले आणि संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले. ज्या व्यायामाला साधने लागत नाहीत, जो घरातील सर्वांनी मिळून करता येतो, तो खंड पडल्यावरही सहज पुन्हा सुरू होतो.

पुन्हा आरंभ कसा करावा?

परतीची वाट आधीच आखून ठेवली पाहिजे. एक दिवस चुकला तर चालेल, सलग दुसरा दिवस चुकू द्यायचा नाही, एवढा एकच नियम घराने मान्य करावा. परतीचा पहिला दिवस मुद्दाम सोपा असावा : तीन सूर्यनमस्कार किंवा दहा मिनिटांची फेरी. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून उपाशी राहणे किंवा दुप्पट व्यायाम करणे टाळावे. ती शिक्षा होते आणि शिक्षेकडे कोणी आनंदाने परतत नाही. सणाच्या आधीच ठरवावे, की फराळ पाहुण्यांसोबत आणि एकदाच खायचा, डबा हाताशी ठेवायचा नाही. पावसाळ्यात फिरणे थांबेल तेव्हा घरात काय करायचे, हे ज्येष्ठातच ठरलेले असावे. ताटातील भात-पोळी थोडी उतरवून तेथे उसळ, डाळ, कोशिंबीर वाढवावी. वजनाबरोबर कंबरेचे माप, जिना चढताना लागणारा दम आणि रक्तातील साखर यांचीही नोंद ठेवावी. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे आहे.

इतर व्रतांना उद्यापन असते, आरोग्याच्या व्रताला ते नाही. जे व्रत आयुष्यभर चालवायचे, त्यात खंड पडणारच, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. ज्या घरात व्यायाम सोडून बसलेल्याला “काय झाले तुझ्या संकल्पाचे?” असा टोमणा मिळतो, तेथे संकल्प मरतो. जेथे “चला, उद्या सकाळी बरोबर जाऊ” असा हात पुढे येतो, तेथे तो पुन्हा उभा राहतो. यापैकी कोणते घर व्हायचे, हे ठरवण्यासाठी पुढच्या पाडव्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.